अवकाश रवाळ की सलग? लॅमिंग्टन रोडच्या इंटरफेरोमीटर किटची झडती

लॅमिंग्टन रोडवर शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना सामान पुरवणारी जी दुकानं आहेत, तिथे मायकलसन इंटरफेरोमीटरचं एक किट मिळतं: किरण दुभागायचा, दोन आरशांवरून परतवून पुन्हा एकत्र आणायचा आणि त्यातून उमटणाऱ्या उजेड-काळोखाच्या पट्ट्यांवरून आरशाची सूक्ष्म हालचाल मोजायची, असं हे उपकरण. उजेड मोजणाऱ्या फोटोडायोडचा बोर्ड धरून, घासाघीस करून १८,००० रुपयांच्या आसपास. उत्पादकाचं नाव इथे देण्यात अर्थ नाही, कारण तोच माल दोन-तीन वेगळ्या स्टिकरांखाली विकला जातो. आतली पुस्तिका सगळ्यांची एकच, तिच्यातल्या चुकाही त्याच. पेटीवर ठळक अक्षरांत लिहिलंय की अवकाश आणि काळ सलग आहेत की कणांचे बनलेत, हे याने घरबसल्या तपासता येतं.

निकाल आधीच सांगून टाकू. इंटरफेरोमीटर म्हणून माल चोख आहे, पैसे वसूल होतात. पेटीवरचं ते वाक्य मात्र थाप आहे. गंमत अशी की ती थाप नेमकी किती मोठी आहे, हे समजून घ्यायला याच किटसारखं दुसरं साधन नाही.

पेटीत ३०० बाय ३०० मिलिमीटरची, १२ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची काळी पाटी येते. वजन सुमारे ३ किलो, दर २५ मिलिमीटरवर एम-सिक्स स्क्रूची भोकं. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल डायोड लेझर, ४५ अंशांत बसवायची, किरण दुभागणारी बीम स्प्लिटरची काच, पुढच्या पृष्ठावर मुलामा असलेले दोन आरसे, एक छोटं भिंग, पडदा, १:२० तरफेचा मायक्रोमीटर, ५ सेंटिमीटरची हवेची कुपी आणि तिला हातपंप. ॲलन की एकच दिलीय आणि तीही मऊ पोलादाची. चांगली वेगळी घ्या, नाहीतर पहिल्याच आठवड्यात स्क्रूची डोकी गोल होतात. दोन्ही वाटांत प्रकाशाला सारखीच काच लागावी म्हणून लावायची भरपाईची काच पेटीत नाही. त्यामुळे पांढऱ्या प्रकाशाच्या फ्रिंज, म्हणजे उजेड-काळोखाचे पट्टे, विसरा. एवढ्या पैशांत ती द्यायला हवी होती.

जोडणीबद्दल पुस्तिकेत पाऊण पान आहे आणि त्यातला क्रम चुकीचा आहे. भिंग अगदी शेवटी लावायचं. आधी लेझरची उंची साधा: पोस्टकार्डाला भोक पाडून पाटीच्या कडेवर उभं करा, तेच कार्ड दोन मीटरवर त्याच उंचीला धरा. दोन्हीकडे किरण भोकातून आरपार गेला पाहिजे. मग स्प्लिटर न लावता समोरचा आरसा बसवा आणि परतणारा ठिपका लेझरच्या तोंडाशेजारी आणा, तोंडात नको. प्रकाश थेट डायोडमध्ये परतला की लेझर चंचल होतो, तेज वरखाली होतं आणि त्याचा दोष पुढे तासभर आरशांवर जातो. आता स्प्लिटर आणि दुसरा आरसा. दोन्ही भुजांची, म्हणजे स्प्लिटरपासून आरशापर्यंतच्या दोन वाटांची, लांबी पट्टीने मोजून २ मिलिमीटरच्या आत सारखी करा. स्वस्त डायोड लेझरचा प्रकाश फार लांबवर स्वतःशी सुसंगत राहत नाही. भुजांत सेंटिमीटरभर फरक पडला की फ्रिंज फिकट होतात किंवा दिसतच नाहीत.

भिंतीवर आता दोन नव्हे, चार ठिपके दिसतील. घाबरू नका. जास्तीचे दोन स्प्लिटरच्या मागच्या पृष्ठावरून आलेले भुताटकी ठिपके आहेत. जे दोन सर्वांत ठळक आहेत तेवढेच एका आरशामागच्या स्क्रूंनी एकमेकांवर आणा. ठिपका बरोबर जुळला की तो लुकलुकतो, आणि तीच खूण. मग लेझर आणि स्प्लिटरच्या मध्ये भिंग ठेवलं की पडद्यावर पट्टे उमटतात. पट्टे बारीक आणि तिरके असतील तर स्क्रू अगदी केसभर फिरवत त्यांना रुंद करत जा. वर्तुळाकार कडी दिसली की थांबा.

आणि मग सगळं थरथरायला लागतं. मुंबईत हा खरा विषय आहे. आरसा फक्त ३२५ नॅनोमीटर हलला की एक पूर्ण फ्रिंज सरकते, आणि लोकलच्या रुळांपासून दोन गल्ल्या आत असलेल्या इमारतीतही जमीन त्याहून जास्त हलते. जुन्या चाळीतल्या लाकडी तुळयांच्या मजल्यावर तर शेजारच्या खोलीत कुणी खुर्ची सरकवली तरी पडदा धूसर होतो. पुस्तिका म्हणते ‘भक्कम टेबल वापरा’. टेबलाने काही होत नाही. दोन फूट बाय दोन फूट, २५ मिलिमीटर जाडीची कडप्पा फरशी आणा. तिचं वजन साधारण २५ किलो भरतं. तिच्याखाली स्कूटरच्या दोन ट्यूब अर्धवट हवा भरून ठेवा आणि हे सगळं जमिनीवरच मांडा, शक्य तर तळमजल्यावर. हवा जास्त भरली तर ट्यूब कडक होते आणि धक्के जसेच्या तसे वर येतात. फरशी बोटाने ढकलल्यावर ती संथ डोलली पाहिजे, थरथरली तर हवा कमी करा.

यात मुंबईकरांनी कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. खुद्द मायकलसनने १८८१ मध्ये बर्लिनमध्ये हे उपकरण मांडलं तेव्हा शहराच्या हादऱ्यांमुळे दिवसा काम होईना. रात्री बाराच्या आधी फ्रिंजची जागा मोजता येईना, त्यानंतरही अधूनमधूनच. शेवटी त्याने उपकरण पॉट्सडॅमच्या वेधशाळेत हलवलं. तिथेही सुमारे १०० मीटरवर रस्त्यावर कुणी पाय आपटला की फ्रिंज गायब होत, असं त्याने नोंदवून ठेवलंय.

हादऱ्यांनंतर उष्णता. ॲल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला लांबीच्या दहा लाखांत २३ भाग एवढं वाढतं. १५ सेंटिमीटरची एकच भुजा एक अंशाने तापली तर दहा फ्रिंज सरकतात. म्हणून लेझरचा अडॅप्टर पाटीला चिकटवून ठेवू नका, पाटीवर हात टेकू नका आणि मोजणीआधी सगळं वीस मिनिटं सुरू ठेवून द्या. पंखा बंद. एका भुजेतली हवा एक अंशाने गरम झाली तरी अर्धी फ्रिंज जाते. पाटीवर पुठ्ठ्याचं खोकं उपडं घातलं की काम भागतं, त्यासाठी ॲक्रिलिकचं झाकण म्हणून वेगळे पैसे मोजू नका.

पावसाळ्यात आरसे सांभाळा. मुलामा उघडा असतो, रुमालाने पुसला की ओरखडे कायमचे. कॅमेऱ्याच्या रबरी फुग्याने धूळ उडवा आणि काम झालं की आरसे, भिंग, स्प्लिटर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात.

किटची खरी खोट मायक्रोमीटरमध्ये आहे. लेबलवर १:२० लिहिलंय, म्हणजे मायक्रोमीटर २० मायक्रॉन सरकला की आरसा १ मायक्रॉन सरकणार. १०० फ्रिंज मोजल्या तर आरसा ३२.५ मायक्रॉन सरकतो, मायक्रोमीटरवर १० मायक्रॉनची ६५ घरं. छान वाटतं. पण तरफेचं हे गुणोत्तर प्रत्येक नगात थोडं वेगळं असतं, आणि डायोडची तरंगलांबीही ‘६५०’ म्हटली तरी पाच-दहा नॅनोमीटर इकडेतिकडे असू शकते. शिवाय तापमानाबरोबर ती सरकते. एका अंदाजाने दुसरा अंदाज मोजायचा आणि उत्तर ६५० आलं की जर्नलमध्ये बरोबरची खूण घ्यायची, असा तो प्रकार.

यावर इलाज कॉलेजच्या प्रयोगशाळेतच पडून असतो, तो म्हणजे सोडियमचा दिवा. त्याच्या पिवळ्या प्रकाशात ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन रेषा असतात. आरसा सरकवत गेलं की दोघींचे पट्टे एकमेकांना पुसून टाकतात, मग पुन्हा उमटतात, पुन्हा पुसतात. दोन पुसण्यांमधलं अंतर आरशाच्या जागी ०.२९ मिलिमीटर असतं. गुणोत्तर खरंच १:२० असेल तर मायक्रोमीटरवर ५.८ मिलिमीटर दिसायला हवेत. जे दिसेल त्यावरून खरं गुणोत्तर काढा आणि लेबलवर पेनाने दुरुस्ती करा. एकही फ्रिंज मोजावी लागत नाही. फिरवताना एकाच दिशेने फिरवा, उलट वळलात तर आट्यांची ढिलाई मोजमापात शिरते. लेझरच्या फ्रिंज मोजताना मायक्रोमीटरच्या एका घरात दीड फ्रिंज निघून जाते, बोटांनी ते सांभाळत नाही. मायक्रोमीटरच्या डोक्यावर रबरबँडने १५ सेंटिमीटरची काडी आडवी बांधली की टोकाशी हळू ढकलता येतं.

हवेची कुपी मात्र मनापासून आवडावी अशी आहे. एका भुजेत ठेवायची, पंपाने हवा काढायची, फ्रिंज मोजायच्या. पूर्ण निर्वात झाला असता तर ४१-४२ फ्रिंज सरकल्या असत्या. हातपंपाने दाब ६० सेंटिमीटर पाऱ्याने कमी केला तर ३२-३३ येतात. हवेचा अपवर्तनांक १ पेक्षा केवळ १०,००० त २.७ भागांनी जास्त आहे, हे डोळ्यांनी मोजून दिसतं. रबरी नळीचा जोड गळतो, त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळा.

आता पेटीवरचा दावा. फोटोडायोडचा बोर्ड १० बिटांचा आहे, म्हणजे काळोख ते उजेड यांच्यात १०२४ पायऱ्या. फ्रिंज जिथे सर्वांत वेगाने बदलते तिथे आरसा ठेवला तर एक पायरी म्हणजे आरशाची ०.१ नॅनोमीटर हालचाल, हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाएवढी. हे कागदावर. प्रत्यक्षात खोलीतल्या गोंधळाने ते काही नॅनोमीटरवर येतं. तरी १८,००० रुपयांत अणूच्या मापाजवळ पोहोचणं ही लहान गोष्ट नाही.

पण अवकाशाला दाणे असलेच तर ते ज्या मापाचे असावेत असं समजलं जातं ती प्लांक लांबी. दशांश चिन्हानंतर ३४ शून्यं, मग १६, इतके मीटर. प्रोटॉनच्या त्रिज्येपेक्षाही सुमारे ५ वर १९ शून्यं इतक्या पटींनी लहान. बोर्डाच्या कागदी मर्यादेपासून तिथपर्यंतचा फरक ६ वर २४ शून्यं. पुस्तिकेत ही लांबी ‘मोजली गेली’ असं छापलंय. कुणी मोजलेली नाही. गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक, प्रकाशाचा वेग आणि क्रियेचा (म्हणजे प्लांकचा) स्थिरांक एकत्र गुंफले की लांबीचं जे एकमेव माप तयार होतं ते हे. प्लांकने १८९९ मध्ये ही मापं मांडली. त्या मापाला महत्त्व यासाठी की तितकं बारीक पाहायला लागणारी ऊर्जा त्याच जागेत कोंबली तर गुरुत्वाकर्षणानेच तिथे कृष्णविवर व्हायला हवं. ती ऊर्जा विजेच्या हिशेबात सुमारे ५४३ युनिट भरते. मुंबईतल्या साध्या घराचं दोन-तीन महिन्यांचं बिल. अडचण एवढीच की ती सगळी एकाच कणात हवी. जिनिव्हाजवळच्या एलएचसी या कण आदळवणाऱ्या यंत्रात होणारी टक्कर त्याहून सुमारे एकावर १५ शून्यं इतक्या पटींनी दुबळी पडते.

म्हणजे दाणा थेट पाहायची आशा सोडायची. मग तपासतात कसं? तूप रवाळ आहे का हे पाहायला कुणी एकेक कण चिमटीत धरत नाही, जिभेवर खरखर लागते का ते बघतो. इथेही तसंच, साचत गेलेला परिणाम शोधायचा. शिकागोजवळच्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ क्रेग होगन यांच्या कल्पनेवरून ‘होलोमीटर’ उभा राहिला: ४० मीटर भुजांचे दोन मायकलसन इंटरफेरोमीटर, शेजारी शेजारी. कल्पना अशी की प्रत्येक दाण्याशी प्रकाश किंचित डगमगत असेल तर झिंगलेल्या माणसाच्या पावलांसारखी ती डगमग साचत जाईल. साचलेलं माप प्लांक लांबी आणि भुजेची लांबी यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. ४० मीटरसाठी हे येतं दशांशानंतर १६ शून्यं आणि मग २५, इतके मीटर. प्रोटॉनच्या त्रिज्येचा साधारण तेहतिसावा भाग. अतिसूक्ष्म खरं, पण अशक्य नाही. २०१५ अखेरीस निकाल आला: त्या कल्पनेने सांगितलेली थरथर नाही. पुढे एक भुजा काटकोनात वळवूनही पाहिलं गेलं.

हेच सूत्र किटच्या १५ सेंटिमीटर भुजेला लावा. किट कमी पडतं ते २४ शून्यांनी नव्हे, साडेसहा कोटी पटींनी. फरक पुष्कळ आटोक्यात आला, पण साडेसहा कोटी म्हणजे साडेसहा कोटी. त्यावर दुसरा खिळा असा: ही थरथर प्रकाशाच्या जाण्या-येण्याच्या वेळेत व्हायला हवी. ४० मीटरला ती सेकंदाला काही दशलक्ष वेळा होईल, आणि तिथे आगगाडीचे हादरे पोहोचतच नाहीत, म्हणून होलोमीटरला शहराची फिकीर नव्हती. किटच्या भुजेसाठी तो आकडा सेकंदाला १०० कोटी. बोर्ड सेकंदाला १००० नोंदी घेतो. दहा लाख पट मंद. पेटीवरची ओळ लिहिणाऱ्याने हा गुणाकार केला असता तर कदाचित शाई वाचली असती.

पुस्तिकेतली सर्वांत खटकणारी चूक म्हणजे १८८७ च्या मायकलसन-मोर्ले प्रयोगाने ‘अवकाश सलग असल्याचं सिद्ध केलं’ हे वाक्य. त्या प्रयोगात ईथरचा, म्हणजे प्रकाश ज्यातून जातो असं तेव्हा मानत त्या माध्यमाचा, वारा शोधत होते. ०.४ फ्रिंज सरकेल अशी अपेक्षा होती, तिचा विसावा भागही सरकली नाही. सलग की दाणेदार हा प्रश्न तिथे नव्हताच. कणादांचं नाव घेऊन ‘प्राचीन पुरावा’ म्हणून एक चौकटही टाकलीय, तीही उलटी. कणादांच्या परंपरेतल्या वैशेषिकांनी पृथ्वी, जल, तेज, वायू यांना परमाणू मानले. आकाश, दिक् आणि काळ यांना विभू म्हणजे सर्वव्यापी आणि अखंड मानलं. अवकाशाला ‘प्रदेश’ आणि काळाला ‘समय’ अशी अविभाज्य एककं देणारे जैन आचार्य. चौकट हवीच होती तर ती त्यांची हवी होती.

त्यापेक्षा धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचं नाव छापलं असतं. तिथे १९४९ साली जन्मलेल्या अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांत मांडली, आणि त्यावर उभ्या राहिलेल्या लूप क्वांटम ग्रॅव्हिटीत, म्हणजे गुरुत्वाकर्षणाला क्वांटम रूप देऊ पाहणाऱ्या सिद्धांतात, नव्वदच्या दशकात क्षेत्रफळ आणि आकारमान पायरीपायरीने येतं असा हिशेब निघाला. हा हिशेब आहे, प्रयोगाची साक्ष अजून नाही. बाहेरून मिळालेली साक्ष सध्या सलगपणाच्या बाजूने झुकते. १० मे २००९ ला दिसलेल्या, दूरच्या अवकाशातल्या गॅमा किरणांच्या स्फोटातला ३१ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचा एक फोटॉन सात अब्ज वर्षं प्रवास करून फर्मी या अवकाश दुर्बिणीत पोहोचला, तो स्फोटाच्या सुरुवातीनंतर सेकंदाच्या आत. दाण्यांमुळे जास्त ऊर्जेचा प्रकाश सरळ प्रमाणात रेंगाळत असता तर इतक्या लांबच्या वाटेत तो मागे पडायला हवा होता. मात्र याने फक्त प्रकाशाचा वेग बदलवणारे दाणे बाद होतात. वेगाला हात न लावणारे दाणे या चाळणीतून सहज निसटतात, आणि लूपवाल्यांचे सगळे दाणे पहिल्या जातीचे असलेच पाहिजेत असंही नाही.

मग किट कुणी घ्यावं? बीएस्सीच्या प्रयोगशाळेने नक्की. औंढा नागनाथला गुरुत्वीय लहरी टिपणारं, ४ किलोमीटर भुजांचं लायगो-इंडिया होऊ घातलंय, त्याचा गाभा टेबलावर समजून घ्यायचा असेल त्यानेही. बारावीच्या मुलाला वाढदिवसाची भेट म्हणून नको. जोडणीतच दोन रविवार जातात आणि लेझर डोळ्यांच्या उंचीवर आला की धोका वेगळाच.

आणि जमलं तर दोन किट घ्या. दोन्ही एकाच कडप्प्यावर ठेवून दोघांच्या नोंदी एकमेकींशी गुणून सरासरी काढली की होलोमीटरची खरी युक्ती हातात येते: प्रत्येकाचा स्वतःचा गोंधळ नोंदींच्या वर्गमुळाने घटतो, १०,००० नोंदींत शंभरपट, आणि दोघांत सारखं असेल तेवढंच उरतं. रुळांजवळ उरते ती लोकल. शेवटची गाडी गेल्यावर आलेख खाली बसतो आणि पहाटे पहिली सुटली की पुन्हा उठतो. दुसऱ्या किटबरोबर बोर्ड घेऊ नका. दोन बोर्डांची घड्याळं वेगळी चालतात. दहा लाखांत ५० भागांचा फरक असला तरी तासाभरात ०.१८ सेकंद पडतात आणि गुणाकार फुकट जातो. त्याऐवजी पहिल्याच बोर्डाच्या मोकळ्या इनपुटवर बीपीडब्ल्यू-३४ फोटोडायोड जोडा. तो त्याच रस्त्यावर सुटा मिळतो. फक्त त्याची तार पहिल्याइतक्याच लांबीची ठेवा, आणि लेझरच्या अडॅप्टरपासून दूर.